आधी डावी बाजू दाखवा

वाचकांचे प्रश्न, काकूंची उत्तरं

(या महिन्यात मॉडेलवाल्यांनी टपाल भरून टाकलं. नाणी आणि पतंगवाल्यांनी पुढच्या अंकापर्यंत दम धरावा.)

प्रश्न: काकू, नमस्कार. मी नागपूरच्या मनीषनगरात राहतो, बँकेत आहे. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर ‘स्टार ट्रेक’ ही अवकाशयानाची मालिका लागायची, तेव्हापासून तिच्यातल्या एंटरप्राइज यानावर जीव आहे. बेसा रोडवरचे एक गृहस्थ बदलीवर हैदराबादला चालले आहेत. त्यांच्याकडचं १/३५० मापाचं एंटरप्राइज ते विकत आहेत. जोडून, रंगवून तयार, आतून दिवे लागतात. ४५,००० म्हणतात. फोटो सोबत पाठवले आहेत, त्यात तर एक नंबर दिसतं. घेऊ का? आणि त्याचं परीक्षण सदरात केलंत तर आमच्यासारख्या बाकीच्यांनाही कळेल, एवढी मोठी वस्तू घेताना काय पाहायचं ते.

उत्तर: भाऊ, तुम्ही पाठवलेल्या फोटोंत यानाची डावी बाजू एकदाही दिसत नाही. समोरून आहे, वरून आहे, उजवीकडून तर चार वेळा आहे. म्हणून तर तुम्हाला फोन करून म्हटलं, चला, मीच येते पाहायला.

यात विकणाऱ्याची लबाडीच असेल असं नाही. या यानाला ती खोड जन्मापासून आहे. वॉल्टर मॅट जेफ्रीज यांच्या आराखड्यावरून रिचर्ड डेटिन यांनी १९६४ साली चित्रीकरणाचं मोठं मॉडेल करून दिलं. लाकूड, पत्रा आणि प्लॅस्टिकचं, ११ फुटांहून थोडं लांबच. मालिकेच्या पहिल्या पायलट, म्हणजे चाचणीच्या भागाच्या वेळी त्यात दिवे नव्हतेच. पुढे दिवे बसवले, तेव्हा वायरी डाव्या अंगातून बाहेर काढल्या. मग जी बाजू कॅमेऱ्यापुढे येणारच नाही ती सजवत कोण बसतो! मालिकेत यान सारखं उजवीकडूनच दिसतं ते त्यामुळे. पाहून पाहून चाहत्यांच्या डोळ्यांनाही तीच सवय लागली आणि फोटो काढणारा हात आपोआप त्याच बाजूला जातो.

पण तुमच्या बैठकीत कॅमेरा एका जागी रोवलेला नाही. सोफ्यावरून, जेवणाच्या टेबलावरून, स्वयंपाकघराच्या दारातून, चारी बाजूंनी माणसं त्याला पाहणार. म्हणून मोठं मॉडेल विकणाऱ्याला माझं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: आधी डावी बाजू दाखवा.

आता प्रत्यक्ष पाहिलं ते सांगते. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. एकाच नगावरून अख्ख्या कारखान्याला बोल लावणं बरं नाही.

लांबी ८२ सेंटीमीटर भरली. कथेतलं यान २८९ मीटरचं, त्याला ३५०नं भागा, हिशोब चोख बसतो. पुढच्या तबकडीची रुंदी ३६ सेंटीमीटर. हा आकडा तुम्ही लिहून ठेवा, कारण घरी तुम्ही मला ज्या भिंतीतल्या शोकेसमध्ये यान ठेवणार म्हणून दाखवलंत तिची खोली एक फूट आहे. सगळे लांबी मोजतात, तबकडी कोणी मोजत नाही. सहा सेंटीमीटर बाहेर आलेल्या तबकडीला येणाजाणाऱ्याचं कोपर लागणार म्हणजे लागणारच.

हिंगण्याच्या एमआयडीसीत ड्रॉइंग ऑफिसात नोकरी झाली माझी, त्यामुळे पिशवीत पाणसळ, गुण्या आणि पोलादी फूटपट्टी असतेच. ती टेबलावर मांडली तेव्हा घरमालक जरा कावरेबावरे झाले. (त्यांच्या सौभाग्यवतींनी तर्री-पोहे केले होते. तर्री झकास होती, पण ती मी परीक्षणात धरलेली नाही.) पाणसळ ठेवून आधी टेबल सारखं करून घेतलं, त्याखेरीज पुढचं मोजमाप व्यर्थ. मग दोन्ही नॅसेलच्या, म्हणजे मागच्या त्या दोन लांब नळ्यांच्या, शेपटाची उंची टेबलापासून मोजली. उजवं ३१२ मिलीमीटर, डावं ३०७. पाच मिलीमीटर म्हणजे काय मोठं, असं घरमालक म्हणाले. ३५०नं गुणलं तर पावणेदोन मीटर होतात. खऱ्या यानाचं एक इंजिन माणसाच्या उंचीएवढं खाली लोंबत असेल तर कप्तान उड्डाण करेल का?

अंगठ्याच्या पोटानं डावं नॅसेल अगदी हलकं वर उचललं. सांध्यातून ‘कट्’ असा बारीक आवाज आला. विजेरी तिरपी धरली तर नॅसेल पेलणारा खांब धडाला जिथे मिळतो तिथे रंगात केसाएवढी चीर, मागून पुढे आलेली, बोटाच्या पेराएवढी लांब. हा फोटो तुमच्याकडे आलेलाच नव्हता.

असं काहून होतं? या यानाचा घाटच तसा आहे. अवकाशात वजन नाही, म्हणून जेफ्रीजना दोन बारीक खांबांवर दोन लांबच लांब नळे ठेवता आले आणि पुढे त्या नाजूक मानेवर भलीमोठी तबकडी. दिसायला देखणंच आहे. पण बेसा रोडला वजन आहे. त्यात या नगाची नॅसेल जस्ताच्या मिश्रधातूची, डायकास्ट म्हणजे साच्यात ओतलेली, आणि खांब प्लॅस्टिकचे. त्या धातूची घनता एबीएस प्लॅस्टिकच्या सहापट तरी असते. विकणारे ‘डायकास्ट आहे’ असं छाती फुगवून सांगतात, घेणाऱ्यालाही हातात जड लागलं की पैसे वसूल झाल्यासारखं वाटतं. धडात धातू असेल तर खुशाल असू द्या, मॉडेल बसकं आणि स्थिर होतं. पण लांब दांड्याच्या टोकाला धातू आणि बुडाला प्लॅस्टिक ही जोडी मला कोणी फुकट दिली तरी मी दोनदा विचार करीन. प्लॅस्टिक एका दिवसात वाकत नाही. कायमचा भार असला की वर्षानुवर्षं सरकत राहतं, आणि आपला मे महिना त्याला हातभार लावतो.

दोष ऐकून नाराज होऊ नका, चांगलंही बरंच आहे. तबकडीचा वरचा पृष्ठभाग पाहत मी पुष्कळ वेळ उभी होते. मूळ मॉडेलवरच्या त्या आडव्याउभ्या रेघा पेन्सिलीनं आखलेल्या होत्या. टीव्हीवर त्या धड दिसतही नसत. मॉडेल करणाऱ्या कंपन्यांना मात्र मोह आवरत नाही, त्या रेघांचे चर खोदतात. एक मिलीमीटरचा चर म्हणजे या मापात ३५ सेंटीमीटरचा नाला, एवढ्या फटी असलेल्या जहाजात हवा राहील कशी! तुमच्या नगावर रेघ खोदलेली नाही, छापलेली आहे, आणि तीही इतकी फिकट की दोन हातांवरून नाहीशी होते. असंच हवं. खुद्द मूळ मॉडेलच्या बाबतीतही हा वाद झालेला आहे. ते १९७४ पासून वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन हवाई व अवकाश संग्रहालयात आहे. १९९१च्या डागडुजीत त्याच्यावर रेघांची छटा फार गडद मारली म्हणून चाहते कितीतरी वर्षं कुरकुरत होते. मग २०१४ ते २०१६ या काळात संग्रहालयानं ते पुन्हा नीट संवर्धित केलं. तबकडीच्या वरच्या बाजूला चित्रीकरणाच्या काळातला रंग शिल्लक होता, त्याचा फार उपयोग झाला. तो रंग पांढरा नाही, किंचित हिरवट झाक असलेला करडा आहे. तुमच्या नगाचा रंग त्याच्या जवळ जातो. पांढरंशुभ्र एंटरप्राइज कोणी दाखवलं तर समजावं, रंगवणाऱ्यानं टीव्हीच पाहिला आहे.

दिवे. पडदे ओढून खोलीत अंधार केला. खिडक्या एकसारख्या उजळतात, कुठे जास्त, कुठे कमी असं नाही. मानेच्या सांध्यातून मात्र उजेडाची एक बारीक रेघ गळते. जोडण्याआधी आतून काळा हात द्यायला हवा होता, तो दिलेला नाही. नॅसेलच्या तोंडाशी तांबूस घुमट आहेत. मूळ मॉडेलमध्ये त्यांच्या आत मोटरवर पाती फिरायची आणि मागे रंगीत बल्ब लुकलुकायचे. तुमच्या नगातही छोटी मोटरच आहे. फिरणं छान दिसतं, डोळे निवतात. पण पंखा बंद केला तर तिची घुरघुर ऐकू येते. बैठकीत चालेल, झोपायच्या खोलीत ठेवू नका.

स्टँडबद्दल थोडक्यात. एकच काचेसारखी अॅक्रिलिकची कांडी, धडाच्या मधोमध. तबकडी पुढे जड, नॅसेल मागे जड, आणि सगळा तोल त्या एका कांडीवर. टेबलाला धक्का लागला की यान मान हलवतं. पहिल्याच आठवड्यात स्टीलची नळी आणि खाली जड लाकडी पाट, असा स्टँड करून घ्या. इतवारीत किंवा कॉटन मार्केटकडे कोणताही खराद्या नळी कातून देईल.

तर घ्या, पण ४५,०००ला नाही. तीसच्या वर एक रुपया देऊ नका, आणि का ते चीर दाखवून सांगा. घासाघीस करायला लाजू नका, ते हैदराबादला ८२ सेंटीमीटरचं खोकं नेणार आहेत, त्यांनाही घाई आहे. घेतल्यावर डावा सांधा उघडून खांबातून धडापर्यंत पितळेची बारीक सळई घालायची, दोन ट्यूबवालं इपॉक्सी भरायचं आणि नॅसेलखाली मोजून टेकू देऊन दिवसभर हात लावायचा नाही. उजवाही सोबतच करा. आज तो बरोबर आहे, पण भार त्याच्यावरही तेवढाच आहे. सांधा स्वतःला जमेल असं वाटत नसेल तर मला सांगा, हिवाळ्यात करू.

आणि एक गोष्ट खास तुमच्यासाठी. मोठ्या मॉडेलच्या आधी मंजुरीसाठी एक छोटं मॉडेल केलं होतं, ३३ इंची. ते मालिकेचे जनक जीन रॉडनबेरी यांच्याकडे होतं, सत्तरच्या दशकात कुणाला तरी वापरायला दिलं आणि गायब झालं. २०२३ मध्ये ते ऑनलाइन लिलावात अचानक उगवलं आणि २०२४ मध्ये रॉडनबेरींच्या मुलाला परत मिळालं. ३३ इंच म्हणजे ८४ सेंटीमीटर. तुम्ही घेताय ते जवळजवळ तेवढंच. एवढी वर्षं ते कुणाच्या माळ्यावर पडलं होतं कोण जाणे.

प्रश्न: धरमपेठेत वेस्ट हायकोर्ट रोडवर आमचं चष्म्यांचं दुकान आहे. मुलाकडे तसंच एक मोठं यान आहे. दर्शनी काचेत ठेवलं तर पोरं थांबून पाहतील, गिऱ्हाईक येईल असं तो म्हणतो. काच पश्चिमेला आहे.

उत्तर: नको हो. पश्चिमेची काच आणि नागपूरचं ऊन! तुमचे फ्रेमसुद्धा तिथे फार दिवस ठेवू नयेत हे तुम्हाला मी सांगायला नको. अतिनील किरणांनी फिकट रंगाचं प्लॅस्टिक पिवळं पडतं आणि पिवळेपणा पुसून जात नाही. काचेआड उन्हात हवा कोंडते आणि बाहेरपेक्षा कितीतरी तापते. दुकानातच ठेवायचं तर आत, बिलाच्या काउंटरमागे उंचावर ठेवा, वर एक छोटा एलईडी. पोरं आत येतील, म्हणजे त्यांचे आईबापही येतील.

तुमच्या मुलाला आणखी एक सांगा. थ्रीडी प्रिंटरवर पीएलए नावाच्या प्लॅस्टिकचे सुटे भाग करून लावायची हल्ली फॅशन आहे. पीएलए ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं. मे महिन्यात उन्हात उभ्या बंद कारमध्ये तेवढी उष्णता सहज होते. असलं यान कारच्या मागच्या काचेखाली ठेवून दुपारी सदरला जेवायला गेलात तर परत येईपर्यंत त्याचा आकार बदललेला असेल.

प्रश्न: काकू, मी दहावीत आहे, वर्ध्याला राहतो. मी पुठ्ठ्याचं ‘स्टार वॉर्स’मधलं मिलेनियम फाल्कन केलं. वरून रिफिलचे तुकडे, जुन्या रिमोटचे भाग, घड्याळाची चाकं चिकटवली. मित्र म्हणतात भंगार लावलंस. खऱ्या मॉडेलवाल्यांनी काय लावलं होतं?

उत्तर: बाळा, भंगारच! १९७७च्या त्या सिनेमासाठी मॉडेल करणाऱ्यांनी बाजारातली रणगाडे, जहाजं, मोटारगाड्यांची प्लॅस्टिक किट खोक्यांनी आणली, त्यांचे भाग तोडले आणि यानांच्या अंगावर चिकटवले. फाल्कनचं चित्रीकरणाचं पहिलं मॉडेल सुमारे पाच फुटांचं होतं, पुढच्या सिनेमासाठी ३२ इंची वेगळं केलं. दोन्हींवर हाच खटाटोप. या चिकटवलेल्या बारीकसारीक भागांना ते लोक ग्रीबल म्हणतात. तुझ्या मित्रांना हे पान दाखव.

पण दोन सूचना. ओळखू येणारी वस्तू लावू नकोस. तुझ्या फोटोत पेनाच्या टोपणाची क्लिप दिसते, ती पाहिली की यान एकदम वीतभर होतं. क्लिप तोडून उरलेली कांडी ठेव. आणि रंगवण्याआधी सगळ्यावर एकच करडा हात दे, म्हणजे रिमोट कुठला आणि घड्याळ कुठलं ते कळणार नाही.

वरच्या पत्रातलं एंटरप्राइज आणि तुझं फाल्कन यांत फरक काय, सांगू? जेफ्रीज स्वतः वैमानिक. त्यांचं म्हणणं असं की शहाणा माणूस यंत्र बाहेर कशाला ठेवेल, दुरुस्तीला आतून हात पोचला पाहिजे. म्हणून एंटरप्राइजचं अंग गुळगुळीत. फाल्कन जुनं, ठोकलेलं, रस्त्यात दुरुस्त केलेलं. मॉडेल करणाऱ्याच्या बाजूनं पाहिलं तर फाल्कन दयाळू आहे, सांधा चुकला तर त्याच्यावर एक नळी चिकटवता येते. गुळगुळीत अंगावर काहीच लपत नाही, आणि आकार वाढवला की लपवायला आणखीच कठीण. तू फाल्कन आधी निवडलंस ते बरोबर केलंस. एंटरप्राइजला बारावीनंतर हात घाल.

प्रश्न: मी लेगोचं २०१७ सालचं ते मोठं फाल्कन घेतलं आहे, ७,५४१ तुकड्यांचं. माझे काका म्हणतात ते खेळणं आहे, मॉडेल नव्हे. (सदर, नागपूर)

उत्तर: काकांना ७,५४१ तुकडे सुटे करून द्या. जमलं तर त्यांचं बरोबर. बाकी ८४ सेंटीमीटर लांब, ५६ रुंद असलेल्या वस्तूला खेळणं म्हणायला घर केवढं असेल त्यांचं? त्याचा मोठा गुण हा की डिंक नाही, काही निसटलं तर परत दाबून बसवा, रंग उडायची भीती नाही. उणीव एकच, धूळ तुकड्यातुकड्यांच्या फटींत बसते. त्यावर खालचं पत्र वाचा.

प्रश्न: मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला आणि हे भलंमोठं यान माझ्या गळ्यात टाकून गेला. प्रतापनगरात रस्त्याची धूळ विचारू नका. खोलीत कूलर आहे. ओल्या फडक्यानं पुसलं तर चालेल का? तो फोनवर ओरडतो.

उत्तर: ताई, त्याला ओरडू द्या, पण ओलं फडकं खरंच नको. नंबरांच्या पातळ चिकट्या असतात, डिकॅल म्हणतात त्यांना, फडक्याच्या धाग्यात कडा अडकली की यानाच्या क्रमांकातल्या ‘एनसीसी’चा एक सी गेलाच म्हणून समजा. गालाला पावडर लावायचा मऊ, रुंद ब्रश नवा आणा, त्यावर पावडर नको. वरून खाली, एकाच दिशेनं, हलक्या हातानं. फटीत रबरी फुग्याचा ब्लोअर, कॅमेरावाल्यांकडे मिळतो. यान उचलायचं असेल तर खालच्या जाड धडाला धरा, मागच्या नळ्यांना कधीच नाही.

कूलर सुरू झाला की यान त्याच्या झोतातून बाजूला सरकवा. वाळ्याच्या ताट्यांतून पाण्याचे शिंतोडे उडतात. आपल्या बोअरच्या जड पाण्याचा थेंब वाळला की पांढरा डाग राहतो, आणि तो घासला तर रंग जातो. सगळ्यात सोपं म्हणजे काचेची पेटी. मुलाला म्हणा, यान तुझं, पेटीचे पैसेही तुझेच.

प्रश्न: भाच्यानं अमेरिकेहून दिवे असलेलं यान आणलं. अॅडॉप्टर तिकडचा आहे. इथे लावू का? (गोकुळपेठ)

उत्तर: अॅडॉप्टरच्या पाठीवर बारीक अक्षरांत ‘इनपुट’ लिहिलेलं असतं ते भिंगातून वाचा. १०० ते २४० व्होल्ट लिहिलं असेल तर फक्त पिन बदलणारा जोड घ्या, आपले २३० व्होल्ट त्याला चालतात. नुसतं १२० लिहिलं असेल तर लावू नका, क्षणात जळेल. मग ‘आउटपुट’ वाचा, व्होल्ट तेवढेच आणि अॅम्पियर तेवढे किंवा जास्त असलेला इथला अॅडॉप्टर सीताबर्डीत मिळेल. जाताना जुना सोबत न्या, म्हणजे दुकानदार टोक आणि आतला धन-ऋण मीटरवर जुळवून देईल. ते उलटं झालं तर दिवे लागणार नाहीत किंवा एकदाच लागतील.

(एंटरप्राइजवाल्या भाऊंचा अंक छापायला जाताना फोन आला. ३१,५००ला सौदा ठरला, हजार-दीड हजार जास्तच गेले. शोकेसच्या सुताराला खोली वाढवायला सांगितली आहे.)